बारीक माती

फावड्याचा आवाज थांबून बराच वेळ झाला तरी नवरा जेवायला येईना, तेव्हा ती हातातलं काम टाकून उठली आणि घराला लागून असलेल्या दफनभूमीच्या फाटकातून आत गेली.

कबर खणून तयार होती. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. तो मात्र उपसलेल्या मातीच्या ढिगाशी उकिडवा बसला होता. एकेक ढेकूळ उचलायचा, तळहातावर चुरायचा, आतला खडा बाजूला टाकायचा. पिठातल्या गाठी मोडाव्यात तसा, निगुतीने.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"हे कोणासाठी चाललंय?"

"आज कोणाला आणतायत ते ठाऊक आहे तुला."

"ठाऊक आहे म्हणूनच विचारते. खणा, नको कोण म्हणतंय? नोकरी आहे तुमची. पण ढेकळं फोडायचं कुठे लिहिलंय त्या नोकरीत?"

लिहिलेलं कुठेच नव्हतं. पण त्याच्या हातची कबर अशीच असे. शेवटी माणसं मूठमाती द्यायला पुढे होतात, तेव्हा पेटीवर ढेकूळ पडून धाडदिशी वाजू नये, म्हणून वरची माती तो चाळल्यासारखी बारीक करून ठेवी. एकदाच त्याच्याच्याने ते झालं नव्हतं. लेकीची कबर दुसऱ्या कोणी खणली, घाईघाईत. झाकणावर पडलेल्या पहिल्या ढेकळाचा आवाज तिच्या कानातून अजून गेला नव्हता. कोणी दार आपटलं की तोच. टोपलीत बटाटे ओतले की तोच.

आणि आज आणणार होते ते लाकडाच्या वखारीच्या मालकाला. लेक गेली त्या दिवशी पिऊन ट्रक त्यानेच हाकला होता. पोरगीच धावत चाकाखाली आली, असं त्याने कोर्टात शपथेवर सांगितलं आणि सुटला. पुढेही दर रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या वर आवाज काढून गायचा. आता रागाला मूठमाती दे, म्हणून पाळकांनी तिला किती समजावलं. "माती लेकीला दिली," ती त्यांना म्हणाली होती. "राग तेवढा राहू द्या. तिच्यामागे माझ्याकडे दुसरं उरलंय काय?"

तिने पायाने एक थोरलं ढेकूळ त्याच्यापुढे लोटलं.

"हे असंच ठेवा. सगळ्यात वर. एकदा वाजू दे त्याच्या डोक्यावर."

"त्याला काय ऐकू येणार?" तो म्हणाला. "कडेला त्याची आई उभी असेल."

ती म्हणाली, "म्हणजे तो सुटलाच की. इथेही आणि तिथेही."

"तिथे साक्ष फिरवता येत नाही. तिथला निवाडा प्रभूकडे. माझ्या हातात त्याने फावडं दिलंय."

"तुम्हाला राग कसा येत नाही हो?"

"येत नाही?" त्याने पहिल्यांदाच मान वर केली. डोळे तांबारले होते. "सकाळी निम्मं खणून फावडं फेकलं आणि त्या भिंतीशी जाऊन बसलो. म्हटलं, प्रभू, माझ्याने होत नाही. तूच काय ते बळ दे."

"दिलं?"

"एका ढेकळापुरतं." त्याने हातातलं चुरून ढिगावर सोडलं. "मग दुसऱ्यासाठी पुन्हा मागायचं."

"त्याच्यासाठीपण प्रार्थना करता की काय?"

"करतो. दातओठ खात करतो, पण करतो."

देवळाची घंटा वाजायला लागली. संथ, एकेक ठोका. निम्मा ढीग अजून तसाच होता. ती वळली आणि चालू लागली. फाटकाशी पोचली. रस्त्याच्या वळणावर काळ्या कपड्यातली माणसं दिसत होती. मोजकीच. त्यांच्यामध्ये कोणाच्या तरी दंडाला धरून एक म्हातारी येत होती, पाऊल चाचपत, जणू प्रत्येक ठिकाणी जमीन आहे की नाही याची खात्री करून घेत.

ती परत आली. नवऱ्यासमोर ढिगाच्या पलीकडे बसली. पहिलं ढेकूळ तिने फोडलं नाही, दगडावर आपटलं. दुसरंही आपटलं. तिसरं मात्र बोटांनी चुरलं. त्याने ढीग थोडा तिच्याकडे सरकवला.

पाळकांनी वाचन केलं. पेटी दोरांवरून खाली गेली. माणसांनी उरकल्यासारखी माती टाकली आणि सगळी मागे सरली. म्हातारीला धरून आणणाराही पावलं मागे घेत घोळक्यात मिसळला. म्हातारी कडेला एकटीच उभी राहिली, हात पुढे करून, कोणीतरी माती देईल म्हणून. डोळ्यांनी तिला दिसत नव्हतं.

त्या हातावर लेकीच्या आईने माती ठेवली आणि आपल्या हाताने तिची मूठ मिटली. कड कुठे आहे ते कळावं म्हणून दंडाला धरून एक पाऊल पुढे आणलं.

म्हातारीने मूठ उघडली. मान कलती करून वाट पाहिली. पुन्हा कान दिला.

"काही वाजलं नाही," ती घाबरून म्हणाली. "पडली का गं माती माझ्या लेकरावर?"

"पडली, आई," लेकीची आई म्हणाली. "अलगद पडली."