शेवटच्या पानावरचं उत्तर

“थांबा, कोणी बंद करू नका!” संगणकाच्या बाईंनी टाळी वाजवली. “सगळे इकडे या. हिच्या पडद्यापाशी.”

खुर्च्या खरखरल्या. तास संपत आला होता आणि वर्गाचं काम तर केव्हाच उरकलं होतं. एक आजार निवडा, त्यावर उपचार काय ते शोधा, एवढंच सांगितलं होतं. निम्म्या वर्गाने सर्दी निवडली, कारण ती लिहायला सोपी. पहिलं जे पान उघडलं ते जसंच्या तसं उतरवून मंडळी मोकळी झाली आणि गुपचूप गाड्यांच्या शर्यती खेळत बसली. समोर येईल ते खरं मानू नका, आधी तपासा, असं बाई वर्षभर घसा कोरडा करून सांगत होत्या. ऐकतंय कोण!

एक मुलगी मात्र अजून शोधत होती. खिडकीजवळची, हल्ली सारखी गैरहजर राहणारी. तिने कसल्याशा लांबलचक नावाचा आजार निवडला होता. पानांमागून पानं उघडत ती इतकी पुढे गेली होती, की तिथवर मोठी माणसंही कधी जात नाहीत. बाईंना अगदी भरून आलं. निदान एकीने तरी मनावर घेतलं होतं.

“याला म्हणतात शोधणं! चला, आता हे पान तपासू या. कोणी लिहिलंय?”

“नाव नाही!” वर्ग ओरडला.

“कधी लिहिलंय?”

“तारीख नाही!”

“काही विकतायत का?”

“हो! बाटली! औषधाची बाटली!” हशा पिकला.

“मग हे पान कसं?”

“खोटं!” सगळे एका सुरात म्हणाले. वर्षात पहिल्यांदाच एकही उत्तर चुकलं नव्हतं. बाईंचा आनंद चेहऱ्यावर मावेना.

मुलगी पडद्याकडेच बघत होती. तिचा हात अजून माउसवरच होता.

“अगं, हिरमुसतेस काय?” बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “पण मला सांग, आधीची एवढी पानं सोडून तू नेमकं हेच का निवडलंस?”

“ती सगळी मी तपासली, बाई. ती खरी आहेत,” मुलगी म्हणाली. “आई बरी होईल, असं फक्त याच्यावर लिहिलंय.”