दोन तोळ्यांचा बिबट्या

उसाच्या गावातून दोन बस बदलून आलेल्या मथुराबाईंनी पिशवीतून मखमली डबी काढली आणि श्रीनिवासरावांच्या पुढ्यात ठेवली.

"हे मोडा आन् ह्याचा टाक करा. माझ्या नातवाचा."

घरातलं कुणी अवेळी गेलं, की त्याची मूर्ती चांदीच्या पत्र्यावर उठवून देव्हाऱ्यात बसवायची. त्यासाठी लांबलांबून लोक कसबा पेठेत श्रीनिवासरावांकडे येत. रडणारी माणसं त्यांना नवी नव्हती. ही बाई मात्र रडत नव्हती. श्रीनिवासरावांनी डबी उघडली आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

आत बिबट्या होता. वन्यप्राण्यांच्या चांदीच्या नाण्यांतला हा एकच त्यांच्याकडे नव्हता. वाघ, गवा, शेकरू, माळढोक सगळे घरच्या कपाटात ओळीनं बसलेले. बिबट्याची खाच तेवढी कितीतरी वर्षं रिकामी होती.

"अहो, हे मोडायचं नाणं नाही," ते म्हणाले. "शोधून मिळत नाही हे. कुणी दिलं आपल्याला?"

"प्राणीवाल्या लोकांनी. पोराला बिबट्यानं नेलं, त्याला दोन महिनं झालं तवा. ष्टेजवर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, आन् हे. म्हणले, तुम्ही बिबट्यावर राग धरला नाही, म्हणून सत्कार."

शिकल्यासवरल्या माणसांचा गाढवपणा श्रीनिवासरावांनी पेठेत पुष्कळ पाहिला होता, पण हा त्यातही अव्वल होता. तरी त्यांची नजर काही नाण्यावरून हलत नव्हती. बिबट्याच्या मिशीचा केस न् केस उठला होता.

"किती वर्षांचा होता?"

"सात. समर्थ नाव." बाईंनी मांडून ठेवलेल्या ठशांवर नजर टाकली. "घोड्यावरचा वीर नगं. घोड्याला भ्यायचा त्यो."

"हातानं कोरून देतो. मजुरी नको. चांदीही माझीच घालतो, याच्या दुप्पट. हे नाणं तेवढं राहू द्या माझ्याकडे."

"नगं. ह्योच वितळला पायजे."

"चांदी ती चांदी, बाई. टाकाला काय कळतंय?"

"मला कळतंय."

श्रीनिवासराव "बरं" म्हणाले. आत फार धग असते, आपण इथंच बसा, असं सांगून ते पडद्यामागे गेले. तिथं त्यांनी नाणं डबीतून काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि मुशीत दुसऱ्याच चांदीचा तुकडा ठेवला. कुणाचं काही बिघडत नाही, उलट बाईंचा फायदाच आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आणि ते त्यांना लगेच पटलंसुद्धा.

गॅसची बत्ती पेटवली, तेवढ्यात मागं चाहूल लागली. पडदा सारून मथुराबाई उभ्या होत्या. त्यांनी मुशीत पाहिलं, मग श्रीनिवासरावांच्या खिशाकडे पाहिलं.

"तुमी बी त्यालाच जपाया लागला व्हय, दादा?"

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. श्रीनिवासरावांचं तोंड एवढंसं झालं. साठी उलटून गेलेल्या माणसाला एवढी शरम वाटू शकते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी तुकडा काढला आणि खिशातला बिबट्या मुशीत ठेवला.

बाई अगदी जवळ उकिडव्या बसल्या. ज्योत लागली. बिबट्या आधी लाल झाला, मग त्याच्या कडा ओघळल्या. मिशा गेल्या, डोळे गेले. मिनिटभरात मुशीच्या तळाशी चांदीचा एक लखलखता थेंब उरला.

"झालं?" मथुराबाईंनी विचारलं.

"झालं."

"एवढ्यात?" त्या म्हणाल्या. "आमच्या पोराचा आवाज उसातनं लई वेळ येत व्हता."