दहिबाचं पाणी

धरण झालं तेव्हा जगानं वर्गणी काढली, देवळांचा एकेक दगड सुटा केला आणि उंचावर नेऊन जसाच्या तसा बसवला, हे मी बोटीवरच्या पर्यटकांना दर फेरीत सांगतो. टाळ्या पडतात. आम्हा नूबियांच्या, म्हणजे इथल्या मूळ गावकऱ्यांच्या, कबरी पाण्याखालीच राहिल्या, हे सांगत नाही. बक्षिशीवर परिणाम होतो.

त्या दिवशी ऐन टाळ्यांत कप्तान शाझलीनं इंजिन बंद केलं. त्याची म्हातारी आई, हज्जा दहिबा, बोटीवर होती आणि तिचं बुडालेलं गाव इथंच होतं. मेलेल्यांना तहान लागते म्हणून आमच्यात कबरीवर पाण्याचा वाडगा ठेवतात. स्वतःच्या आईच्या कबरीवर तिनं शेवटचा ठेवला, तो गाव सोडताना, नऊ वर्षांची असताना.

तिनं मातीच्या वाडग्यात बाटलीतून आणलेलं घरचं पाणी ओतलं आणि वाडगा शिंक्यात घालून सरोवरात सोडायला घेतला.

"हज्जा, आई साठ हात पाण्याखाली आहे," मी म्हणालो. "तिला कसली तहान?"

"हे सरकारनं सोडलेलं पाणी. घरच्या कुणी दिल्याशिवाय ती घेईल होय? गाईड झालास, पण अक्कल नाही आली तुला!"

दोरी संपेपर्यंत तिनं वाडगा खाली सोडला, थोडा वेळ थांबली आणि वर ओढला. दोरी ओली होती, शिंकं ठिबकत होतं. वाडगा मात्र आतून कोरडा ठणठणीत होता.

हज्जाला काहीच नवल वाटलं नाही.

"शाझली," ती म्हणाली, "दुसरी बाटली आण. अजून मागतेय."