तुमचाच एक भाऊ

पुनमची सही तेवढी राहिली होती. लोह्याच्या रजिस्ट्री कचेरीत हक्कसोडपत्र तयार होऊन पडलं होतं, साक्षीदार फुकटचा चहा घेत होते आणि दयानंदच्या हातातल्या पिशवीत बहिणीसाठी साडी होती. वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर दोघा बहीणभावांची नावं लागली होती. आज पुनमचं निघणार होतं. "माळरान हाय गं, कुसळंसुदिक उगवत न्हाईत," असं तो तिला वर्षभर सांगत आला होता. लेकीच्या कॉलेजसाठी तिनं हात पसरला, तेव्हाही हेच सांगून त्यानं हात वर केले होते. पुनमनं दादाचा शब्द कधी मोडला नव्हता. उदगीरहून पहाटेची एसटी धरून ती सुकन्याला, आपल्या लेकीला, घेऊन आली आणि मुकाट्यानं बाकावर बसली.

नंबर लागायला वेळ होता. दयानंद बाहेर अंगणात आला आणि खिशातून धंद्याचा वेगळा फोन काढला.

धंदा नवा होता: स्वस्तात जमिनी घ्यायच्या आणि चढ्या भावानं विकायच्या. पुण्याच्या एका भारी हॉटेलात त्यानं शिबिर केलं होतं. टाय लावलेल्या गुरुजींनी सांगितलं, जाहिराती सोडा, पत्रं पाठवा. जो आपल्या जमिनीपासून लांब राहतो, ज्याला भाव ठाऊक नसतो, तो स्वस्तात विकतो. दयानंदनं त्यात स्वतःचं डोकं घातलं. आपल्या मुलखात असा मालक कोण? परगावी दिलेली लेक! मग त्यानं एका एजन्सीला अख्खा तालुका सोपवला. सातबाऱ्यावरच्या लेकी शोधा, सासरचे पत्ते काढा, पत्रं टाका. यादी त्यानं उघडूनही पाहिली नाही. साहेब झालेला माणूस कशाला याद्या वाचत बसतो? मजकूर मात्र त्यानं स्वतः रचला आणि हातानं लिहिल्यासारख्या अक्षरात छापून घेतला:

"ताई, माहेरच्या रानात तुमचाही हिस्सा आहे. घाईनं कुठं सही करू नका, सख्ख्या भावाच्या कागदावरही नाही. आधी मला फोन करा. तुमचाच, एक भाऊ."

खाली नाव नाही, कंपनी नाही, नुसता नंबर. त्या 'भावा'वर दयानंद स्वतःच फिदा होता. भाऊ सही घेण्याआधी आपण गाठायचं, आणि बाईला दोन पैसे जास्त दाखवून रान आपल्या घशात घालायचं, असा सगळा साधा हिशेब होता.

फोन वाजला. नंबर अनोळखी. त्यानं आवाजात साखर घोळली.

"नमस्कार ताई, बोला!"

"आईला तुमचं पत्र आलंय," एक पोरगी बोलत होती. तिकडं माणसांचा गलका, इकडं जनरेटरची धडधड. "आज तिला मामानं सहीला बोलावलंय. काय करावं?"

"मामा देतोय काय?"

"साडी."

दयानंदला मनापासून हसू आलं. काय एकेक मामा असतात! "अन् वर रान भिकार हाय म्हणत आसंल. समदे भाऊ तेच म्हणतात, बाई. लोह्याकडं आता गुंठ्यावर भाव चाललाय, एकराचं नाव कुणी घेईना!"

"आईला माझं पटंना. थांबा, स्पीकर लावते. तुमीच सांगा."

दयानंदनं घसा साफ केला. बाई हातची जाऊ नये म्हणून सूर चांगला टिपेला नेला. "अक्का, अजिबात सही करू नका! साडीवर रान लिहून देता व्हय? सख्खा आसला म्हणून काय झालं? लुबाडतोय तो तुमाला!"

"...लुबाडतोय तो तुमाला!" कचेरीतून त्याचाच आवाज बाहेर आला.

तो वळला. दारातून बाक समोरच दिसत होतं. सुकन्याच्या हातात फोन होता आणि ती मामाकडं टकामका बघत होती. भाचीचा एखादा फोन त्यानं आजवर उचलला असता, तर आवाज तरी ओळखला असता. साक्षीदारांनी कप खाली ठेवले. दयानंदनं साडीची पिशवी पाठीमागं नेली.

पुनम उठली. तिनं पेनाला टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"तुझा शब्द कवा मोडला न्हाई, दादा," ती म्हणाली, "आज बी मोडत न्हाई. न्हाई करत सही."