सुनेची बाजू

आजेसासरे तुळोजीराव, सासरे मानसिंगराव आणि माझे यजमान खंडेराव, या तिन्ही पिढ्यांनी तंबाखूला हात लावला नाही. माझ्या उदयनेही नाही. तरी त्याच्या घशात कर्करोग निघाला.

डॉक्टर म्हणाले, “एचपीव्ही विषाणूमुळे झाला. तो शरीरसंबंधातून येतो, वर्षानुवर्षे लपून राहतो. उपचारांनी रोग बरा होऊ शकतो.”

घरी नणंदबाई कडाडल्या, “आमचा उदय तसा नाही. हिनेच आणला!” सुनेने हातातला पेजेचा वाडगा खाली ठेवला.

“वन्सं, कोणाकडून आला हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. माझ्या मुलानेच आणला असेल. हिला बोलायचे नाही.”

मी सुनेला जवळ घेतले. माझे पहिले मूल गेले, तेव्हा मला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्यांसमोर सासूबाई अशाच उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे ऋण आज पूर्ण फिटले.