घराण्याचा हात

पणजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भिंतीवरच्या फोटोत ब्रश त्यांच्या डाव्या हातात होता, म्हणून बाबाही लहानपणापासून हट्टाने डाव्या हातानेच लिहीत आले. अक्षर कुणाच्या बापाला लागायचं नाही. पण "घराण्याचा हात आहे," म्हणताना त्यांची छाती फुगायची.

माळ्यावर त्याच फोटोची पोस्टकार्डाएवढी निगेटिव्ह सापडली. मुलाने ती स्कॅन केली, तर ब्रश उजव्या हातात.

"उलटी ठेवलीस, गाढवा."

"उलटा तो भिंतीवरचा छापलाय, बाबा. तिथे कापली गेलेली मागची पाटीही यात आलीय, बघा, सरळ वाचता येते. निगेटिव्ह पालथी घातली, तर पणजोबा पाटी उलटी लिहायचे असं दिसेल."





दुसऱ्या दिवसापासून बाबा डाव्या हाताने उलटी अक्षरं गिरवायला बसले.