रोज एक चमचा

विद्याने बरणीचं झाकण उघडलं. काकवीसारखा दाट, काळपट अर्क छोट्या चमच्याने काढून कपातल्या कोमट पाण्यात ढवळला. मातकट, कडवट वास वर आला. केमोपासून तिला कुठलाच उग्र वास सोसत नसे. मान वळवून तिने श्वास रोखला, आणि कप रघुवीरसमोर ठेवला.

बरणी त्यांच्या मुलाने, कुशलने, सोलहून पाठवली होती. कोरियातल्या लाल जिनसेंग या औषधी मुळीचा अर्क. शेवटचा केमो होऊन महिना उलटल्यावर त्याने आईच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला होता. थोडं थोडं घ्यायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं, तेव्हाच त्याने पार्सल सिंगापूरला, सेरंगूनमधल्या घरच्या पत्त्यावर टाकलं. झाकणावर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती : आई, रोज एक चमचा.

रघुवीर जहाजावरचा चीफ इंजिनिअर, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला. मॅन्युअल वाचल्याशिवाय त्याने कधी कुठल्या यंत्राला हात लावला नव्हता. बरणी आली त्या दिवशीही त्याने चष्मा लावून आतलं माहितीपत्रक मोठ्याने वाचलं. अँटीऑक्सिडंट. थकवा घालवतं. यकृताचं रक्षण करतं, पेशींचं रक्षण करतं. मग घडी घालून तो म्हणाला, "रक्षण करायला पेशी धड तर हव्यात." आवाजात राग नव्हता. इंजिनाचा एखादा भाग बाद झाला, हे ज्या आवाजात सांगतात, तोच आवाज.

दुसऱ्या दिवसापासून तो ते घेऊ लागला. करून विद्याच देत होती. गेल्या रविवारी तो पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला गेला, तेव्हा चढावर एकदाही उतरला नाही, हे त्याने तिला दोनदा सांगितलं होतं.

आज चमच्याला थोडा अर्क चिकटून राहिला होता. विद्याने तो जिभेला लावला.

रघुवीरने पाहिलं. "वाया घालवू नकोस," तो म्हणाला. "ज्याला पुढे जगायचंय, त्याच्यासाठी असतं हे."

तिने चमचा नळाखाली धरला.

तेवढ्यात कुशलचा व्हिडिओ कॉल आला. शनिवारी सकाळी तो न चुकता फोन करायचा. विद्याने डोक्यावरचा सुती रुमाल सारखा केला आणि फोन हातात धरून रघुवीरच्या समोरच्या खुर्चीत बसली. मुलाला फक्त आईचा चेहरा दिसत होता.

तो तिच्याकडे बघतच राहिला. मागच्या आठवड्यापेक्षा ती खूप बरी दिसते आहे, म्हणाला. जेवण जातं का, झोप लागते का, सगळं विचारून झालं. मग जरा भीतभीत त्याने विचारलं, "आई, ते घेतेस ना?"

विद्याने समोर पाहिलं. रघुवीर कपावर फुंकर घालत होता. मंगळवारी तिचा स्कॅन होता. जिना उतरताना, टॅक्सीत बसताना, मशीनखाली झोपताना धरायला तोच होता. दुसरं कोणी नव्हतं.

"घेते रे," ती म्हणाली. "रोज सकाळी."

"फार कडू लागतं का?"

"लागतं. पण सवय होते."

कुशलचे डोळे भरून आले. ऑफिसातल्या एकाची आई हेच घेते, तिच्या कॅन्सरला आठ वर्षं झाली, अजून ठणठणीत आहे, असं त्याने सांगितलं. हे त्याला आईला कधीचं सांगायचं होतं, पण आधी तिला सोसतंय का ते बघू, म्हणून तो थांबला होता. बोलताना तो मध्येच अडखळत होता, आणि विद्या मान हलवत ऐकत होती. शेवटी तो म्हणाला की बरणी आता संपत आली असेल, अजून एक पाठवतो.

रघुवीरने कप खाली ठेवला आणि हात वर करून तीन बोटं दाखवली.



"तीन पाठव," ती म्हणाली.

पलीकडे कुशल कितीतरी महिन्यांनी मोकळेपणाने हसला.